कैद्याशी नातं

चोराला तीन वर्षांची शिक्षा झाली तेव्हा न्याय झाला असं सगळ्यांना वाटलं. ज्याचं गेलं होतं तो सोडून. टेपमास्तर कठडा धरून उभेच.

"साहेब, त्याची तीन वर्षं घेऊन मी काय करू? माझी कॅसेट कुठंय तेवढं त्याला बोलायला लावा. हवं तर दोन वर्षं कमी करा."

कोर्टात हशा पिकला. चोर तेवढा हसला नाही. तोंड उघडलंस तर मेलास, असं वकिलाने त्याला बजावलं होतं.

मास्तरांचं दुकान जिन्याखालचं, ताठ उभं राहिलं की कपाळमोक्ष ठरलेला. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की काहीतरी रेकॉर्ड करून बघावं लागतं, आणि ते काम बायकोचं. "बोल गं काहीतरी," हे म्हणायचे, आणि ती भाजी निवडता निवडता बोलायची. दर वेळी त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून. त्या काटकसरीपायी बावीस वर्षांचा संसार पुसला गेला. ती गेली तेव्हा शिल्लक होतं शेवटचं बोलणं: "झालं का चालू? अहो, झालं का? ही भाजी तुमच्या डोक्यासारखी, निम्मी किडकी." मग हसणं. चार वर्षं मास्तर रोज सकाळी दुकान उघडून तेवढं ऐकत आणि हसणं संपलं की खटका दाबत. पुढची टेप कोरी, ती उगाच कशाला झिजवायची?

त्या कॅसेटसकट चोरीला गेलेलं यंत्र पोलिसांना सापडलं. मुद्देमाल म्हणून त्यावर नंबरही पडला. आत कॅसेट नव्हती, आणि असल्या फुटकळ वस्तूची नोंद कोण घेतो?

तेव्हापासून दुकानात येईल त्याला मास्तर ऐकवत. "बिघडलेलं यंत्र आपण कपाटात कोंडतो का, तीन वर्षांनी आपोआप वाजेल म्हणून? माझ्या हाती राज्य द्या. ज्याचं नेलंस त्याच्यासमोर बस, गुडघ्याला गुडघा लावून. तो विचारेल त्याचं उत्तर दे. मोडलंस ते जोडायला शीक. कोंडायचं फक्त त्याला, ज्याचा हात दुसऱ्याच्या जिवावर उठतो."

"मास्तर, तुमच्या राज्यात चोरांची रांग लागेल," शेजारचा न्हावी म्हणायचा.

"लागू दे. तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही, खुर्च्या रिकाम्याच आहेत!"

शेवटी एका दुपारी ते तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. भेटीच्या अर्जात रकाना होता: कैद्याशी नातं.

"त्याने माझं दुकान फोडलंय."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "याला नातं म्हणत नाहीत. रक्ताचं लागतं."

"माझं रक्त प्यायलाय तो, तेवढं पुरत नाही?"

मागे रांगेत चोराची आई होती. कोर्टात दोघांनी एकमेकांची नजर चुकवली होती. ती पुढे आली. "माझा भाऊ आहे हा. लिहा, मामा."

"मघाशी फिर्यादी, आता मामा?"

"मामाच्या घरी चोरी होत नाही का?" ती फणकारली.

कारकुनाला हसू आवरेना. त्याने शिक्का मारला.

मामा भेटायला आलाय असं ऐकून चोर जाळीपलीकडे आला आणि मास्तरांना बघून त्याचा चेहरा उतरला. "शिव्या द्यायला आलात?"

"कॅसेट," मास्तर म्हणाले.

तो आईकडे बघत राहिला. "सांग," आई म्हणाली.

"पुलावरून नदीत टाकली. कोण घेणार ती?"

मास्तर जायला वळले. म्हणजे गेलीच.

"पण आधी ऐकली होती," चोर हळूच म्हणाला. "मशीन चालतं का बघायला. किडक्या डोक्याचं काहीतरी होतं."

"मग हसली ती."

"हो. मग बराच वेळ काही नाही. मी जेवत होतो, तशीच चालू राहिली. मग पुन्हा बोलल्या."

"पुन्हा? पुढे कोरी आहे!"

"नाही. दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, 'गेले वाटतं. चष्मा राहिला. आता येतीलच परत.' आणि खुर्ची ओढल्यासारखं वाजलं. बस, एवढंच."

मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला. त्या दिवशी चष्म्यासारखं रेकॉर्डिंग बंद करायचंही राहून गेलं होतं. चार वर्षं ती तिथेच, जरा पुढे, खुर्ची ओढून त्यांची वाट बघत बसली होती. आणि हे रोज खटका दाबून उठून जात होते.

"कशी म्हणाली? वैतागून की हसत?"

"ते आता कसं आठवणार?"

"आठव! जगात दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही ते!"

"आवाज खाली," शिपाई खेकसला.

चोराने डोळे मिटून वाक्य म्हणून पाहिलं. मान हलवली. "नाही, असं नव्हतं." पुन्हा म्हणाला, जरा सावकाश. आईने त्याच्यासाठी आणलेला सदरा तिच्या मांडीवरच राहिला. तेवढ्यात घंटा झाली.

"पंधरा दिवसांनी येतो," मास्तर म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगायचं नाही. होतं तसं सांग."

"आणि नाहीच आठवलं तर, मामा?"

"तर मी पुन्हा येईन."

शिपाई त्याला घेऊन निघाला. पाठमोरा तो पुटपुटत होता, "गेले वाटतं... गेले वाटतं..." दर वेळी सूर जरा बदलून. तो वळणाआड गेला तरी मास्तर जाळीला कान लावून उभे होते.