राजवाड्याचा पडदा

शेजारच्या सुतारानं काल सरस तापवायला ठेवला. तो कुबट वास घरात शिरला आणि मला भोरच्या आमच्या नाटक मंडळाचा पडदा आठवला. असाच सरस रंगात कालवून बाबांनी त्याच्यावर राजवाडा रंगवला होता.

बाबा मंडळाचे चालक. तिकिटं खपायची त्या वर्षांत मंडळानं पेटी घेतली, गॅसबत्त्या घेतल्या. मग लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना, खेळ बंद पडले. आधी पेटी विकली, पाठोपाठ बत्त्या. पडदा तेवढा राहिला, कारण रंगवलेलं कापड कोणी घेईना.

अशात राणीचं काम करणारा भोंगवलीचा सखाराम तापानं गेला. मढ्यावर घालायला कंट्रोलच्या दुकानात कापड नव्हतं, आणि चोरट्या भावानं घ्यायला ना त्याच्या घरी दमडी, ना मंडळाकडे. बाबांनी पडदा खांद्यावर टाकला आणि मला घेऊन भोंगवली गाठली. कात्रीखाली राजवाड्याच्या खिडक्या गेल्या तेव्हा मला त्या पडद्याचंच रडू आलं. आता आठवतं ते त्यानंतरचं बोलणं.

“रंगाची बाजू आत घ्या,” बाबा तिरडी बांधणाऱ्यांना म्हणाले. “लोक हसतील.”

सखारामची आई भिंतीला टेकून बसली होती, ती उठून पुढं आली.

“भाईर असू द्या,” ती म्हणाली. “लुगडं नेसून उभा ऱ्हातो म्हून मला लाज वाटायची. समदा गाव बगाय जायाचा, म्या कदी बगितलं न्हाई. आज बगू द्या मला.”