रविवारी दवाखान्यात गाड्या रंगतात

आमच्या ग्रुपमध्ये रंगवून पूर्ण झालेल्या गाड्या कमी आणि त्या रंगवतानाचे किस्से जास्त! एक गाडी पूर्ण व्हायला दोन-तीन महिने सहज जातात, किस्सा मात्र दर रविवारी एक तरी होतोच. गाड्यांसाठी निदान काचेचं कपाट आहे. किस्से कुठे ठेवणार? म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावेत.

आधी ओळख करून देते. मी दातांची डॉक्टर. कर्वेनगरला माझा छोटासा दवाखाना आहे. सोमवार ते शनिवार दाढा, रविवारी गाड्या! म्हणजे प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या हो, खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान, तळहातावर मावणाऱ्या. बॉडी घासायची, प्रायमर मारायचा, त्यावर रंग, त्यावर चकाकीचा क्लिअर कोट. एखादं जुनं मॉडेल हाती लागलं तर त्याचा आधीचा रंग उतरवून पुन्हा नवंकोरं करायचं.

हे वेड मला लावलं ओंकारने. ओंकार हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्याकडे आला होता रूट कॅनालला. मी इंजेक्शन दिलं, ड्रिल सुरू केलं, तर हा हात हलवून "ऑ... ऑ... ई..." करायला लागला. दुखत असेल म्हणून मी आणखी एक इंजेक्शन दिलं. तरी आपलं "ऑ ई!" शेवटी तोंडातलं सगळं बाहेर काढलं आणि विचारलं, "काय होतंय नेमकं?"

"डॉक्टर, तुमचा कॉम्प्रेसर ऑइल-फ्री आहे का?"

माझं ड्रिल ज्या हवेवर चालतं, त्याच हवेवर रंग फवारणारा एअरब्रश चालतो, आणि त्या हवेत तेलाचा अंश असला की रंगाची वाट लागते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मी म्हटलं, "आहे." त्याचं अर्धं तोंड बधिर, डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद! पुढच्या रविवारी मॉडेल गाडीचं खोकं घेऊन दारात हजर.

"अरे, तुझं रूट कॅनाल अर्धं राहिलंय," मी म्हटलं.

"ते बघू हो नंतर!"

*

मग आले वानखेडे साहेब. मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला आलेले. उंचेपुरे, भरघोस मिशा, आणि आवाज असा की माझ्या वेटिंग रूमच्या काचा थरथरतात.

एका रविवारी आम्ही आतल्या खोलीत काम करत होतो आणि बाहेर एक गृहस्थ गाल धरून आले. दाढ ठणकत होती बिचाऱ्यांची. मी आतून ओरडले, "बसा, आलेच!" तेवढ्यात वानखेडे साहेब हात धुवायला बाहेर आले. अंगात माझा जुना एप्रन, तोंडाला मास्क, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक! जाता जाता आतल्या ओंकारला सांगत होते, "अबे, निघतच नव्हतं बाप्पा! मग म्या सरळ कापूनच टाकलं!"

साहेब बोलत होते गाडीच्या दाराबद्दल. मी बाहेर येईपर्यंत खुर्ची रिकामी!

सोमवारी त्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. म्हणाले, "आता अजिबात दुखत नाही हो. खरंच! शप्पथ!"

*

चौथे आमचे परांजपे. बँकेतून निवृत्त. दिवसाला मोजकंच बोलतात, पण बोलले की समोरचा दोन दिवस विचार करतो.

जुन्या मॉडेलचा रंग उतरवायची एक सोपी युक्ती आहे. दवाखान्यात ज्याचा वास येतो ना, ते तपकिरी जंतुनाशक, त्यात बॉडी बुडवून ठेवायची. एक-दोन दिवसांत रंग सुटतो, प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. परांजप्यांनी घरी मोठ्या डब्यात गाडी बुडवली आणि अख्ख्या मजल्यावर हॉस्पिटलचा वास सुटला! संध्याकाळी शेजारच्या बाई शहाळं घेऊन आल्या.

"अहो, कोण आजारी आहे? आम्हाला कळवलंही नाहीत!"

"आजारी कोणी नाही. एकीचा रंग उडावा म्हणून ठेवलीय."

"अगं बाई! कोणाला?"

"जुनी आहे. कालपासून बुडवलीय. उद्या ब्रशने घासली की मोकळी."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात परांजपे वहिनी भाजी घेऊन जिन्यातून वर आल्या, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. त्या वळून निघाल्या, तर परांजपे मागून म्हणतात, "शहाळं ठेवून गेलात तरी चालेल."

*

आमच्या कामात "ऑरेंज पील" नावाचा एक दोष असतो. रंग दाट झाला किंवा लांबून मारला की पृष्ठभाग गुळगुळीत येत नाही, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत येतो. वानखेडे साहेबांच्या पहिल्या गाडीला तो आला. ओंकारने बॉडी उजेडात तिरकी धरली आणि मोठ्या उत्साहाने समजवायला लागला, "काका, हे बघा, याला ऑरेंज पील म्हणतात. म्हणजे संत्र्याची साल कशी असते..."

"थांब बेटा," साहेब म्हणाले. "नागपूरच्या माणसाले तू संत्र्याची साल समजावून राहिला?"

त्यांनी गाडी घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ निरखली आणि निकाल दिला, "हे संत्रं नाही. हे मोसंबी आहे!"

आणि पुन्हा घासायला बसले.

*

हा एक छोटासाच. ओंकारने पांढऱ्या गाडीवर क्लिअर कोट मारला. आरसा! आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय, आणि एक डास येऊन बरोब्बर बॉनेटवर बसला. बसला तो चिकटलाच. ओंकार रडायच्या बेतात. परांजप्यांनी भिंग घेतलं, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गाडी चोवीसपट लहान आहे. त्या हिशोबाने ओंकार, तुमच्या बॉनेटवर घार बसली आहे."

*

लाल रंगाचा प्रश्न आला की आम्ही तुळशीबागेत जातो. नेलपॉलिशमध्ये जे लाल मिळतात ते रंगाच्या दुकानात मिळत नाहीत! पातळ करून एअरब्रशमधून सुरेख बसतात.

एकदा मी आणि वानखेडे साहेब गेलो. साहेबांना हवा होता जुन्या फायर ब्रिगेडच्या गाडीचा लाल. बाटलीत दिसतो तसा रंग लावल्यावर दिसत नाही, म्हणून साहेबांनी एक बाटली उघडून करंगळीला लावली. मग शेजारच्या बोटाला दुसरा. मग तिसरा. गल्ल्यावरचे काका काही न बोलता बघत होते. मागे चार मुली रांगेत, त्यांतल्या दोघींचे मोबाइल वर आलेले! साहेबांना काही नाही. दहाही बोटं झाली, हात लांब धरून डोळे बारीक करून म्हणाले, "डॉक्टर, अजून थोडा डार्क पाहिजे ना?"

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

"चप्पल काढा. अजून दहा आहेत."

*

मे महिन्यात ओंकारची सर्वात लाडकी निळी बॉडी गेली. रंग लवकर वाळावा म्हणून त्याने ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या कारच्या काचेमागे ठेवली. हिंजवडीचं ऊन, बंद गाडी! संध्याकाळी पाहतो तर प्लॅस्टिक मऊ होऊन छत आत बसलेलं. त्या दुःखात त्याने आमच्या ग्रुपवर म्हणून मेसेज टाकला, "पार्किंगमध्ये गाडी वितळली. छत पूर्ण खाली आलं. सगळं संपलं."

मेसेज गेला घरच्या ग्रुपवर! दुसऱ्या मिनिटाला सोलापूरहून वडिलांचा फोन.

"ओंकार! तू बरा आहेस ना?"

"मी ठीक आहे बाबा. गाडी गेली."

"गाडी जाऊ दे रे! आत कोण होतं?"

"कोणी नव्हतं. अजून सीटच बसवल्या नव्हत्या."

मग वडील म्हणाले, "सीट नसलेल्या गाडीने तू ऑफिसला जातोस?"

*

आणि आता सुमनकाकूंची गाडी.

सुमनकाकू माझ्या पेशंट. धायरीला राहतात. कवळीच्या मापाला आल्या होत्या, तर वेटिंग रूममधलं कपाट बघत उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आमची गाडी करून द्याल का?"

त्यांचे यजमान अण्णा. कारखान्यात फोरमन होते. त्यांनी आयुष्यात एकच गाडी घेतली, सेकंडहँड, आणि तिच्यावर जीव लावला. मुलीच्या लग्नाच्या वेळी ती विकली. पुढे काचबिंदूने अण्णांची नजर गेली. आता त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. "दिसायचं नाही त्यांना," काकू म्हणाल्या, "पण हातात तर देता येईल."

आम्ही चौघं पेटलोच! फोटो एकच, तोही धुरकट. वानखेडे साहेबांनी जवळपासच्या आकाराची बॉडी शोधली आणि पुट्टी भरून, घासून, तिचं नाक बदललं. ओंकारने बंपर बनवले. रंग कुठला, तर काकू म्हणाल्या, "निळा." आता निळ्यात काय कमी निळे आहेत? प्लॅस्टिकच्या चमच्यांवर एकेक छटा मारून आम्ही काकूंसमोर ओळीने ठेवल्या. "हा... नाही, याहून थोडा शाळेच्या स्कर्टकडे झुकणारा." पुन्हा चमचे! पुन्हा काकूंना रिक्षाने बोलावणं!

शेवटी परांजपे म्हणाले, "अण्णांना दिसत नाही. मग आपण रंगावर इतके का भांडतोय?"

वानखेडे साहेब एकदम उसळले, "अण्णाले नसन दिसत! काकूले दिसते ना!"

परांजप्यांनी मान हलवली आणि गुपचूप पुढचा चमचा उचलला.

क्लिअर कोट परांजप्यांनीच मारला. नंतर मी दात पॉलिश करायच्या मऊ ब्रशने त्यावर अशी चकाकी आणली की ओंकार त्यात बघून केस नीट करायला लागला!

वाढदिवसाला आम्ही सगळे धायरीला गेलो. मुलगी, जावई, नातवंडं, घर भरलेलं. अण्णांनी हात धुतले, टॉवेलला कोरडे केले आणि गाडी मांडीवर घेतली. बोटं बॉनेटवरून निघाली. हेडलाइट. "बरोबर." काचेची कड. "बरोबर." वायपर. हसले. छतावर बोट थांबलं. "इथं रंगात धुळीचा कण बसलाय."

आम्ही भिंगातून चारदा तपासलं होतं! परांजप्यांनी पुढे होऊन बोट फिरवलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. "आहे," ते म्हणाले. "अण्णा, आपण रविवारी मोकळे असता का?"

सगळे हसले. अण्णांची बोटं मात्र पुढे चालली होती. पुढचं दार, मागचं दार. डावीकडच्या मागच्या दारावर ती पुन्हा थांबली. मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. अण्णांचा चेहरा उतरला.

"गाडी फार सुंदर केलीत तुम्ही," ते म्हणाले. "पण ही आमची नाही."

ओंकारचं तोंड एवढंसं झालं. मी कसंबसं विचारलं, "का हो अण्णा?"

"आमच्या गाडीला या दारावर ओरखडा होता, हँडलखाली. गाडी आणली त्याच आठवड्यात दूधवाल्याने सायकल घासली. मी घरी नव्हतो, ही होती. आल्यावर हिनेच सांगितलं. फार चिडलो होतो मी त्या दूधवाल्यावर! दूधच बदललं. पण पुढे त्या ओरखड्याची इतकी सवय झाली, की रोज मागे डबा ठेवायला दार उघडताना अंगठा तिथूनच जायचा."

सुमनकाकू पुढे झाल्या. त्यांनी हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. अण्णांच्या मांडीवरची गाडी उचलली. मी "काकू, अहो..." म्हणेपर्यंत त्यांनी टोक दारावर टेकवलं आणि कर्रर्र करून एका दमात रेघ ओढली! मागून पुढे, शेवटाला जराशी खाली वळलेली. आमच्या अडीच महिन्यांच्या आरशावर! ओंकारने डोळे मिटून घेतले. वानखेडे साहेबांनी मिशीवर हात ठेवला.

काकूंनी पिन परत बांगडीला लावली आणि गाडी अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी अंगठा टेकवला. हळूहळू रेघेवरून नेला. शेवटाला, ती खाली वळते तिथे, अंगठा बरोबर वळला. त्यांचा चेहरा असा उजळला, की खोलीतल्या दिव्याची गरज नव्हती.

"हीच!" अण्णा म्हणाले. "हीच आमची!"

अंगठा त्यांनी पुन्हा एकदा रेघेवरून नेला. मग काकूंच्या दिशेने मान वळवून म्हणाले,

"सुमन, त्या दूधवाल्याचा हात अगदी तुझ्यासारखा वळतो की गं!"