पाणी न उडवता

आमच्या पलूसकडं विहिरीतल्या उडीची किंमत पाणी किती उडालं यावर ठरते. काठावर बसलेल्याची टोपी भिजली तर ती उडी, नाहीतर नुसतं पडणं. मला पोहायला शिकवलं फौजेतून रिटायर झालेल्या माझ्या चुलत्यांनी, आणि त्यांच्या मते पंचक्रोशीत माझ्यासारखी उडी कुणाची नव्हती.

मग कॉलेजात स्प्रिंगबोर्डवरून उडी शिकायला लागले आणि सगळंच उलटं झालं. आमच्या कोच बाई म्हणायच्या, "थेंब उडता कामा नये. नमस्कारासारखे हात जोडू नकोस. एका हातानं दुसरा पकड, तळवा पाण्याकडं सपाट कर, दंड कानाला घट्ट. तळव्यानं पाण्यात भोक पडतं, मग सगळं अंग त्याच भोकातून आत." वर्षभर माझे तळवे लालबुंद असायचे. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाण्यात जातीयास का चोरी कराय जातीयास?"

साताऱ्याला राज्य संघाची निवड होती. जागा एकच उरलेली, तिच्यासाठी आम्ही दोघी, आणि माझी शेवटची उडी. कॉलेजचंही शेवटचंच वर्ष. आता हुकलं की कायमचं हुकलं. त्यात मी नको नको म्हणत असताना काका आलेले. गॅलरीतून ओरडले, "पोरी, लय पाणी उडव!" बाईंनी कपाळाला हात लावला.

पण उडी अशी बसली म्हणून सांगू! तळवे टेकले आणि मी सरळ तळाला. खाली इतकं बरं वाटलं की जरा रेंगाळलेच. तेवढ्यात वर धडाम झालं. बूट, पँट, खिशातल्या मोबाइलसकट काका पाण्यात! परीक्षक चिंब. काका मला दंडाला धरून काठाला ओढायला लागले.

"आवं काका, सोडा की! माझं वाटोळं केलंत!" मी किंचाळले. बाजूला कुणीतरी उडी रद्द करा म्हणत होतं.

मुख्य परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही का उडी मारलीत?"

"आवाज आला न्हाई सायेब," काका धापा टाकत म्हणाले. "हिरीत एवढी पोरं शिकवली म्या. जे पोरगं न वाजता पाण्यात जातंय, ते बुडतंय. मग म्या इचारत बसत न्हाई."

परीक्षक हसू दाबत म्हणाले, "हिची उडी तुमच्या आधीच पुरी झाली होती. आणि ती कशी झाली, याचा साक्षीदार तर पाण्यातनंच बाहेर आलाय."

निवड झाली. टाळ्या पडल्या, तरी काकांनी माझा दंड सोडला नव्हता. एवढा फौजी गडी, पण स्वतःच्या बुटातलं पाणी ओतायचंही भान नव्हतं. माझा राग कुठच्या कुठं गेला, रडूच फुटलं. आणि ते आपले विचारत होते, "नाकात पाणी गेलं न्हाई न्हवं, पोरी?"