दोन वयांचं एक घड्याळ

झाकण उघडायच्या आधीच मी निकाल देऊन बसलो, “हे साठ वर्षांच्या आतलं निघालं तर दुकान तुमच्या नावावर करतो.”

करमाडच्या कमलताईंचा चेहरा फुलला. शेजारी त्यांच्या भावजय, शोभावहिनी. त्यांचा उतरला.

भांडण त्या लेडीज घड्याळाचं. सुपारीएवढी डायल, पट्टा झिजलेला. कमलताईंची आई वारली आणि तिच्या ट्रंकेत ते सापडलं. ताई म्हणत, आईच्या लग्नातलं आहे, लहानपणापासून तिच्या हातावर बघितलंय, आता माझ्या पोरीच्या लग्नात तिच्या हातात जाणार. वहिनी म्हणत, माझ्या लग्नात माझ्या बापानं घातलं, बंद पडलं म्हणून सासूबाईंकडं ठेवायला दिलं. आईचं लग्न साठ वर्षांपूर्वीचं, वहिनींचं पस्तीस. घड्याळाचं वय कळलं की मालकीण ठरली.

घड्याळाच्या बाहेरच्या घराला आम्ही केस म्हणतो. ही केस विलायती, जुन्या घडणीची. चूक शक्यच नव्हती. गुलमंडीवर बसून मी इतकी घड्याळं उघडलीत की ओळीनं मांडली तर चिकलठाण्याचं विमानतळ भरून उरतील.

झाकण काढलं, आयग्लास डोळ्याला लावला. आतलं मशीन देशी. थेट वहिनींच्या लग्नाच्या काळातलं.

झाकण उलटं करून बघितलं. दुरुस्ती झाली की कारागीर तिथं सुईनं आपली खूण कोरतो, पुढं तक्रार आली तर काम कुणाचं ते कळावं म्हणून. तिथं एक मासा होता. तो मासा माझा.

मग सगळं आठवलं. दोन व्याही मिळून माझ्याकडं आले होते. वहिनींच्या वडिलांना त्या वर्षी लेकीला घड्याळ घेणं जमत नव्हतं. कमलताईंच्या वडिलांनी, अप्पांनी, बायकोचं बंद पडलेलं पुढं केलं. नवं मशीन टाका, डायल बदला, म्हणाले, आणि सुनेला कळू देऊ नका. माहेरचं म्हणून मिरवू द्या तिला.

“काका, बोला की,” वहिनी म्हणाल्या. “मी खोटं बोलत नाय. पस्तीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले.”

मला थाप मारायला कधी विचार करावा लागत नाही. त्या दिवशी एक सुचेना. होतं ते सांगून टाकलं.

“म्हणजे माझ्या बापानं...” वहिनी म्हणाल्या. दुकानात शिरताना वहिनींना लबाड म्हणालेल्या त्याच ताई आता घड्याळ उचलून त्यांच्या मनगटाला बांधायला लागल्या. पट्टा तुटका, बसेना.

“अप्पांनी तुम्हाला दिलंय,” त्या म्हणाल्या. “मी कोण काढून घेणारी?”

घड्याळ चालू करून दिलं. वहिनी घेऊन गेल्या. ताईंच्या पोरीच्या लग्नात मात्र वहिनींचा हात मोकळाच होता, माहेरचं नाही म्हटल्यावर त्यांनी ते घातलंच नाही, असं ताईंनी फोनवर सांगितलं.

तेव्हापासून घड्याळाचं वय विचारायला दोघं आले, तर झाकण उघडायच्या आधी मी एकाला चहा प्यायला पाठवतो.