चार अक्षरांचं भाषांतर

तोक्योच्या कोतो भागातल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी आठवड्यातून दोनदा खोटं बोलायला जात असे. सायकलवरून, हेल्मेट घालून, पाठीवरच्या बॅगेत बायबल घेऊन.

मी मूळचा नगरचा, चर्चच्या मंडळीत वाढलेला. संस्थेनं मला मिशनरी म्हणून जपानला धाडलं, नागोयात दीड वर्ष जपानी शिकवलं, आणि ती जरा कुठे जिभेवर बसतेय तोच तोक्योला बोलावून सांगितलं, "आता कँटनीज शिका." हाँगकाँगहून पूर्वी इथे आलेल्या वृद्धांची एक छोटी मंडळी होती आणि त्यांच्या घरी जाणारं तरुण कुणी उरलं नव्हतं. मी हो म्हणालो. मी सगळ्यालाच हो म्हणायचो. मुळात आजार तोच.

शिकवायला मंडळीतल्याच एक काकू होत्या. सत्तरी उलटलेल्या, हातात कायम पंखा. तो वाऱ्यापेक्षा माझ्या डोक्यावरच जास्त चालायचा. चार महिन्यांत मला एक प्रार्थना तोंडपाठ झाली, भाजीची आठ नावं आली, आणि न कळलेल्या वाक्याला मान डोलावण्यात मी पारंगत झालो.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा तरुणपणी स्वयंपाकी म्हणून जपानला आले होते. जपानी बाईशी लग्न केलं, पन्नास वर्षं जपानीच बोलले. बायको गेली, मग विस्मरणाचा आजार आला आणि त्यानं सगळ्यात आधी जपानीच पुसून टाकली. उरली ती लहानपणची भाषा. मुलीला ती अजिबात येत नव्हती. जपानीतच वाढलेली, पन्नाशीची बाई, दोन स्टेशनं पलीकडे नोकरी. दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायची, मऊ भाताचा वाडगा, वाफवलेला मासा असं ट्रेमध्ये मांडून वडिलांसमोर ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची.

आजोबा जेवत नसत. हात मांडीवर ठेवून बसायचे. थोड्या वेळानं चार अक्षरं पुटपुटायचे, रोज तीच. डॉक्टरांनी घसा तपासला, दात तपासले, सगळं ठीक म्हणाले. वजन मात्र उतरत होतं. शर्टाच्या कॉलरमध्ये मानेभोवती माझी अख्खी मूठ गेली असती.

"सेन्सेई, ते काय म्हणतात?" तिनं मला पहिल्याच भेटीत विचारलं. इकडे शिक्षकासारखं चर्चच्या पाळकालाही सेन्सेईच म्हणतात, आणि त्या शब्दानं माझी छाती उगाच दोन इंच फुगायची. "का जेवत नाहीत तेवढं कळलं तर मी काहीही करीन हो."

मला घंटा कळलं नव्हतं. बोळक्या तोंडातून, गावाकडच्या हेलातून आलेली ती अक्षरं, आणि मी फक्त कोबी आणि पालक ओळखणारा. पण ती माझ्याकडे असं बघत होती की 'मला येत नाही' हे तीन शब्द मी बोललोच नाही.

"म्हणतायत," मी म्हणालो, "पोट भरलंय. पोरीच्या हातची चव अगदी तिच्या आईसारखी आहे. पण या वयात फार लागत नाही. देवाची कृपा."

"एवढं सगळं म्हणाले?"

"कँटनीज फार आटोपशीर भाषा आहे."

ती हसली. खूप दिवसांनी हसल्यासारखी. मग मी माझी पाठ केलेली प्रार्थना म्हटली, चांगली लांबलचक. भात तेवढ्यात गार झाला.

पुढच्या भेटीला वाडगा लहान होता. "नको असेल तर आग्रह कशाला," ती म्हणाली. त्यानंतर आणखी लहान. मी दर खेपेला तेच भाषांतर करायचो, कधी त्यात थोडी भर घालायचो. एकदा तर आजोबांच्या तोंडी मी एक स्तोत्रच घातलं. परत जाताना सायकल जड लागायची. मी टायरमध्ये हवा भरायचो.

मग एका रविवारी, उपासनेनंतर, मंडळीच्या जेवणाला मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी चॉपस्टिक उचलल्या आणि काकूंचा पंखा बसला.

"अरे पोरा, चार महिने बघतेय! आम्ही काय मेलो? आधी मोठ्यांना जेवायला बोलवावं! परका म्हणून गप्प बसले, पण आता तू बोलायला लागलायस."

मग टेबलाशी बसलेल्या साठीच्या एका 'तरुण' बाईंनी करून दाखवलं. एकेका म्हाताऱ्याकडे बघून, नातं लावून, "आ-बा, सिक फान," बाबा, जेवा. ज्याला त्याला हाक मिळाल्यावरच त्याचा हात वाडग्याकडे गेला.

मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. आमच्या घरीही पानं मांडली की आई मला पिटाळायची, "जा, पप्पांना हाक मार." पप्पा शेजारच्याच खोलीत, फोडणीचा वास त्यांनाही आलेला असायचा, पण हाकेशिवाय उठायचे नाहीत. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो.

मी काकूंना आजोबांची चार अक्षरं म्हणून दाखवली. तीन वेळा म्हणावी लागली.

"'मला कुणी हाक मारली नाही,'" त्या म्हणाल्या. "कोण म्हणतं असं?"

मंगळवारी मी चार मजले पायऱ्यांनी चढलो. लिफ्ट होती, पण लवकर पोहोचली असती. मुलीला दारातच सगळं सांगितलं, त्या चार अक्षरांचा खरा अर्थही. चव, आई, देवाची कृपा, स्तोत्र, सगळं मी रचलेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त ट्रेमधल्या त्या लहान वाडग्याकडे पाहिलं.

"दोन महिने," ती म्हणाली. "मी कमी कमी वाढत गेले."

मी तिला वाक्य शिकवू लागलो. तिनं हात वर करून मला थांबवलं, काकूंचा नंबर मागितला, फोन स्पीकरवर ठेवला आणि त्यांच्याकडून शिकली. मग वडिलांसमोर गुडघ्यांवर बसली. "आ-बा. सिक फान."

आजोबांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. चमचा उचलला, तीन घास खाल्ले, चौथा अर्धा ठेवला. खायची सवय मोडली होती. मग चमचा तिच्या दिशेनं धरून काहीतरी म्हणाले.

ते मला कळलं. सबंध वाक्य, एकही अक्षर न निसटता. तू जेवलीस का, असं विचारत होते.

मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे वळलीच नाही. फोन उचलून वडिलांच्या तोंडाजवळ नेला आणि जपानीत म्हणाली, "काकू, हे काय म्हणाले, तुम्ही सांगता का?"