बारा चांदणी आठ

काचेच्या दुकानात तिला सगळे मावशीच म्हणत. एकवीस वर्षं गोदाम तिच्याच ताब्यात. कुठल्या मापाची काच कुठल्या मांडणीत उभी आहे, हे तिला तोंडपाठ. पुढे मालकांनी संगणक आणला, सूत्र घातलेली शीट करून घेतली. माप टाकलं की मांडणीचा नंबर यायचा. यादी मावशीनेच भरली, 'बाय'च्या जागी चांदणी टाकून.

एका सकाळी काच कापणारे दादा आले. त्यांना बारा बाय आठची काच हवी होती. मावशीने 12*8 टाकलं. उत्तर आलं, सात. दादा सातवरून हात हलवत परतले.

"मावशी, तिथे तर बारा बाय अठरा आहेत."

तिने पुन्हा टाकलं. पुन्हा सात. यादी उघडली, तर 12*8 पुढे चक्क तीन लिहिलेलं. मग हे सात आलं कुठून? दहा बाय चौदा टाकून पाहिलं, ते बिनचूक आलं. मावशी चक्रावली. ती स्वतः तीन नंबरकडे गेली, टेप लावून काच मोजली. बारा बाय आठच. तरी जीव थाऱ्यावर येईना. तिच्या आईचं विसरणं असंच बारीकसारीक गोष्टींपासून सुरू झालं होतं.

डबा न उघडताच तिने लेकीला फोन लावला. लेक दिवसभर अशाच शीटांवर काम करायची.

"आई, तुझं डोकं शाबूत आहे," सगळं ऐकून लेक म्हणाली. "चांदणी म्हणजे 'इथे काहीही चालेल' असं सूत्र समजतं. सुरुवातीला बारा, शेवटी आठ, मधे काहीही. अठराच्या शेवटीही आठच ना? यादीत ते आधी सापडलं, तेच उचललं."

"अगं, पण मी काहीही कुठे म्हटलं? मी आठ म्हटलं."

"शोधताना चांदणीच्या आधी नागमोडी रेघ टाक. मग चांदणी नुसती चांदणी राहते."

मावशीने बोटाने चाचपत ती कळ शोधली. 12~*8. तीन आलं.

"आलं बाई," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

"आणि प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, बरं का."

"ते राहू दे. आधीच डोक्याचा भुगा झालाय."

त्या दिवसापासून एकही माप चुकलं नाही. पण आठ म्हटल्यावर अठरा का ऐकू यावं, हे तिच्या गळी अजून उतरलेलं नाही. कोणी विचारलं तर एवढंच सांगते, "रेघ मारायची, मग ते नीट ऐकतं."