कारखान्याच्या बंगल्यावरची विश्रांती

माझी पहिली मुलगी जन्मली आणि त्याच दिवशी गेली. त्यानंतर मला एका जागी बसवेना. भाजी चिरता चिरता उठून दाराशी जाई, आणि कशाला उठले तेच आठवत नसे. डॉक्टर म्हणाले, हिला शांत जागी न्या. सोलापुरात आमच्या घराखालीच सासऱ्यांचे चादरींचे माग होते, सकाळपासून खडखडाट. ह्यांचा चुलतभाऊ एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. त्याने तिथला बड्या पाहुण्यांसाठी राखलेला बंगला मिळवून दिला.

मोहोळच्या पुढे, उसाच्या मळ्यांत तो बंगला एकटाच उभा होता. सत्तरच्या त्या दशकात असा थाट आम्ही पाहिलेला नव्हता. गार फरशी, पांढराशुभ्र टब, बसलं की माणसाला आत ओढणारा सोफा, आणि विचारल्याशिवाय न बोलणारा आचारी. गळीत हंगाम संपून कारखाना बंद झालेला, त्यामुळे आजूबाजूला चिटपाखरू नाही. हे खूश होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, तोंडावर पेपर घेऊन झोपत.

मला ती शांतता खायला उठे. मी पुसलेली टेबलं पुन्हा पुसली. माळ्याच्या हातातला झाडू घेतला, तर आपलं काय चुकलं म्हणून तो बिचारा घाबरला. टबात बसले आणि लगेच उठले. सगळ्यांचा रागही येई. घरच्यांनी मला फुलासारखं जपलं, पण मुलीचा विषय निघाला की प्रत्येकाला कामं आठवत.

एका दुपारी हे वैतागले. इथं राहायला मिळावं म्हणून लोक धडपडतात, तुला काय टोचतंय ते तरी कळू दे, म्हणाले. मी सांगू लागले. आमच्या गल्लीत वीज असताना भरदिवसा माग थांबतात ते कुणी गेलं तरच. आधी त्या घरचा थांबतो, मग शेजारचा, आणि बघता बघता सगळी गल्ली गप्प होते. निरोप द्यावा लागत नाही, माणसं आपणहून बाहेर येतात. या बंगल्यात मला सारखं तसंच वाटत होतं, कुणीतरी गेलंय आणि मला कुणी सांगत नाही. बोलता बोलताच मला लख्ख कळलं.

"आपली मुलगी गेली त्या दिवशी माग चालूच होते की," मी म्हणाले.

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. "एका दिवसाच्या लेकरासाठी थांबवत न्हाईत."

"माहीत आहे. पण मी वर पडून ऐकत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्काम आवरता घेतला. घरी पोचल्यावर सामान जिन्यातच टाकून हे मागांच्या खोलीत गेले आणि बटण बंद केलं. सासरे काहीतरी बोलायला उठले, पण ह्यांचा चेहरा बघून परत बसले. शेजारचा माग थांबला. मग समोरचा, मग पलीकडचे. माणसं दारात आली. समोरच्या घरातल्या तेलुगू आजोबांनी, कोण गेलं, म्हणून विचारलं.

"आमची पोरगी," हे म्हणाले.

केव्हा, असं कुणीही विचारलं नाही. मी जिन्यात उभी राहून मोठ्याने रडले, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.